रोज सकाळी विसरणारी गाडी

फ्रिजवरच्या स्टीलच्या वाटीत किल्ली पडली. खण्ण.

राहीबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, तेसुद्धा हात चोरून. महादूबाबा झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. भाविकाने वहीत डोकं खुपसलं होतं. किल्ली पडली आणि सासू, सासरे, लेक, सगळ्यांनी मान वर करून दिपालीकडे पाहिलं, जणू तिनेच ती भिरकावली होती.

भिरकावली होती तिच्या नवऱ्याने, प्रितेशने.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “धामणकर नाक्यावर, भर गर्दीत, गाडी आडवी. मागून ट्रकवाले शिव्या घालतायत, रिक्षावाले दात काढतायत, आणि महादू पाटलांची सून आत बसून नुसती किल्ली फिरवतेय! आपल्या काल्हेरची माणसं होती तिथे. मला फोन त्यांनी केला, तू नाही.”

“चालू होत नव्हती म्हणून फिरवत होते,” दिपाली म्हणाली.

“मग माझ्या हातात बरी होते चालू?”

गेले कितीतरी दिवस ती या एकाच प्रश्नापाशी येऊन अडकत होती. तिच्या हातात बंद पडणारी गाडी त्याच्या हातात मांजरीसारखी गुरगुरत निघते, ती कशी?

“सोमवारपासून गाडीला हात लावायचा नाही,” प्रितेश म्हणाला. “भाविकाला व्हॅन लावू. आणि सुमती मॅडमना फोन कर. म्हणावं, जमणार नाही.”

सुमती मॅडमची बालवाडी नाक्याच्या मागच्या गल्लीत होती, आणि तिथे दिपालीला सोमवारी रुजू व्हायचं होतं. पहिलीच नोकरी. तिच्यासाठी दिवाळीपासून ती घरात विषय काढत होती. तेव्हा पाहुणे बसलेले असताना प्रितेश ऐटीत म्हणाला होता, “जा की! पण शेअर रिक्षात गोडाऊनच्या गड्यांच्या मांडीला मांडी लावून माझी बायको जाणार नाही. गाडी शिक, आपल्या गाडीने जा.” पाहुणे हसले होते. कुणालाच वाटलं नव्हतं की ही शिकेल. ती शिकली. काल्हेरच्या त्या रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंनी कंटेनर अंगावर येतात, तिथे शिकली. लायसन हातात आलं त्या दिवशी भाविकाने त्यावरच्या फोटोचा मुका घेतला होता.

आणि नेमका तेव्हाच गाडीत तो पिवळा दिवा लागला, इंजिनाचं चित्र असलेला. नाक्याजवळच्या हिरामण मेकॅनिकने दोन सेन्सर बदलले. एक धुराच्या नळीवरचा, दुसरा ॲक्सिलरेटर किती दाबला ते इंजिनाला सांगणारा. गाडी आणायला प्रितेश स्वतः गेला होता. दिवा गेला, पण दुसऱ्या दिवसापासून नवीनच खोड लागली. सकाळी दिपाली भाविकाला शाळेत सोडायला निघाली, की जिथे वेग कमी होईल तिथे गाडी थरथरायची आणि गप्प व्हायची. सिग्नलला गप्प, खड्ड्यात गप्प, वळणावर गप्प. ढकलून, चालू करून, परत ढकलून ती दिवस काढायची. संध्याकाळी प्रितेश तीच गाडी घेऊन मित्रांकडे जायचा, आणि तक्रार काही नाही!

“सेन्सर बदलला रे,” ओटीवर बसून तो मित्रांना सांगायचा, “आता ड्रायव्हर कुठे बदलून मिळतो ते बघतोय.” ओटी खदाखदा हसायची. आतून राहीबाई म्हणायची, “बायकांचा काम नाय ता, मी आधीच बोल्लेली.”

आणि दिपालीला ते पटायलाही लागलं होतं, हे सगळ्यात वाईट. झोपण्याआधी पलंगावर पडल्या पडल्या ती पाय हलवून बघायची. डावा क्लच, उजवा ब्रेक, डावा सावकाश, आणखी सावकाश. भाविका कुशीत शिरून विचारायची, “मम्मी, तू झोपेत पण गाडी चालवते?” दिपाली तिचे गार तळवे आपल्या पोटऱ्यांशी दाबून धरायची आणि पाय थांबवायची.

“उद्या मी हिरामणकडे नेते,” ती आता म्हणाली. “शेवटचं.”

“ने. हौस भागव,” प्रितेश म्हणाला आणि ताटावर बसला.

शनिवारी भाविकाला सुट्टी होती. आजीकडे थांब म्हटलं तर तिने सँडल घातलेच. गाडी दोन आचके देऊन चालू झाली. कशेळीच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत घुसता घुसता दिपालीचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि ही शेजारी पाय हलवत बसलेली.

“मम्मी, गाडीत अडीच वाजलेत.”

“घड्याळ बिघडलंय ते.”

“रोजच कसं बिघडतं? रोज आपण निघतो तेव्हा दोन-अडीच वाजतात. मग शाळेत जाईपर्यंत बरोबर पुढे जातं, आणि दुसऱ्या दिवशी परत मागे येतं. बाईंनी आम्हाला घड्याळ शिकवलंय.”

“भावू, गप बस जरा. ट्रक बघू दे.”

पोरगी गप बसली. दिपालीला लगेच वाईट वाटलं, पण तेवढ्यात गाडी बंद पडली आणि वाईट वाटायलाही वेळ राहिला नाही.

हिरामणचं गॅरेज लूमच्या एका शेडला लागून होतं. पत्र्याच्या भिंतीपलीकडे मागांची अशी खटखट चाललेली, की इथे साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं व्हायचं. दिपाली भांडायलाच आली होती, त्यामुळे तिला ते सोयीचं पडलं.

“काय बसवलंत हे? गाडी जागोजाग बंद पडतेय!”

“वहिनी, माल एक नंबर टाकलाय!” हिरामणही ओरडला. “माझ्याकडून गेली तेव्हा मख्खन होती मख्खन. गाडी चालवतं कोण?”

“मी.”

“हां.”

“हां काय हां?”

“तसं नाय, म्हणजे लेडीज लोक जरा क्लचवर पाय ठेवून...”

“बॉनेट उघडा,” दिपाली म्हणाली. “माझे पाय मागाहून बघा. आधी बॉनेट उघडा.”

तिचा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने बॉनेट उघडलं. इकडची वायर हलवून बघ, तिकडचा पाइप दाबून बघ, असं त्याचं चाललं होतं. सगळं ठीक आहे, ठीक आहे, तो पुटपुटत होता. मग बॅटरीपाशी त्याचा हात थांबला. त्याने वायरचं टोक दोन बोटांनी हलवलं. ते हललं.

“ही वायर कोण काढतं?”

“कुणी नाही.”

“काय कुणी नाय, वहिनी? नट बघा. पाना लागून लागून पार घासलाय. रोज कुणीतरी खोलतंय आणि लावतंय.”

“म्हणून घड्याळ मागे येतं!” भाविका दोघांच्या मधून डोकं घालून म्हणाली. “रोज!”

हिरामणने कपाळाला हात लावला, त्याचा काळा ठसा तिथेच उमटला. “बरोबर बोलली बेबी. वायर लावली की घड्याळ बारापासून सुरू. वहिनी, ऐका. या गाडीला डोकं आहे, कॉम्प्युटर. जुने सेन्सर त्याला चुकीचं सांगत होते आणि त्याला त्याचीच सवय झालेली. म्हणून नवीन टाकले तेव्हा मी वायर काढून त्याचं सगळं पुसलं. आता त्याने नव्याने शिकायचं, उभ्या गाडीला पेट्रोल किती, हवा किती. पहिल्यांदा अडखळतं, दिवसभर चालली की थोडं शिकतं, चार दिवस चालली की पक्कं होतं. पण रोज रात्री वायर काढली तर? रोज सकाळी तो परत बालवाडीत!”

दिपाली ऐकत राहिली. म्हणजे सकाळी तिच्या वाट्याला येते ती सगळं विसरलेली गाडी. रस्ताभर बोलणी खात, घाम गाळत ती तिला शिकवते. संध्याकाळी शिकलेली गाडी प्रितेश नेतो. आणि रात्री कुणीतरी पाटी पुसून ठेवतं.

“हे तुम्ही आम्हाला सांगायचं नाही का?” ती ओरडली.

“सांगितलं ना! शेठ गाडी न्यायला आले तेव्हाच बोललो, बॅटरीला हात लावू नका. आणि मग त्यांचा फोनपण आलेला.”

“कुणाचा?”

“प्रितेशशेठचा. याच आठवड्यात. विचारत होते, रोज रात्री वायर काढली तर काय होईल? मी बोललो, शेठ, चुकूनपण नको, गाडी सिग्नलला मरेल. हसले, आणि ठेवला फोन.”

मागांची खटखट एकदम खूप मोठी झाली, की तिच्याच कानांत काही झालं, ते तिला कळलं नाही. हिरामण आणखी काही सांगत होता. घट्ट करून देतो, एसी नको, लाइट नको, इंजिनाचा पंखा लागेपर्यंत गाडी नुसती उभी चालू ठेवा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, मग मोकळ्या रस्त्याने फिरवा. ती मान हलवत होती. तिला एवढंच दिसत होतं की प्रितेश फोन ठेवतोय आणि हसतोय.

घरी येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा मागून हॉर्न वाजले, आणि या वेळी दिपालीने काच खाली करून मागच्या टेम्पोवाल्याला असं काही सुनावलं, की भाविका तोंडावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

महादूबाबा अंगणात शेवग्याखाली बसले होते. शेजारी चिंधीवर त्यांचा पाना, तेल लावून पुसलेला. दिपाली गाडीतून उतरली ती सरळ त्यांच्यासमोर.

“बाबा, गाडीची वायर तुम्ही काढता?”

“हां, मीच,” म्हातारा खुशीत म्हणाला. “रोज निजायचे टायमाला कारतों, पाटंचं लावतों. तुना कसा समाजला?”

दिपाली त्यांच्यासमोर खाली बसली.

“कशाला काढता?”

“अगो, इंजिन हाय ता! आमचे रेतीचे बोटीवर इंजिन तरास द्याला लागला, का आमी हेच करू. रातची वायर कारायची, त्याला इसावा द्याचा. सकाली बग कसा, पोरासारका उठं! तुजी गारी सारकी बंद परते. तू कामाला जानार, रस्त्यान एकटी. मी बोल्लू, आपल्याला गारी चालवता येत नाय, पन एवरा तं येतं.”

सारी हयात या माणसाने खाडीत बुडी मारून, मग पंपाच्या बोटीवर उभं राहून रेती काढली होती. त्याचे गुडघे आता वाकत नव्हते. तरीही तो रोज पहाटे त्या गुडघ्यांवर बॉनेटपाशी ओणवा होत होता, सुनेची गाडी चालावी म्हणून. आणि त्यामुळेच ती चालत नव्हती. दिपालीला ओरडायचं होतं आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.

“मना वाटला, काय चुकत तं नाय?” बाबा पुढे म्हणाले. “म्हनून पितेशना इचारला. या गारीला चालतं काय रं? तो दुसरे दिवशी बोल्ला, कारा बाबा, चांगला हाय, रोज कारत जा.”

दारात राहीबाई सूप घेऊन उभी होती. तिचा पाखडता हात थांबला.

“पितेश असा बोल्ला?” तिने विचारलं.

“मंग? खोटा सांगतों काय मी?”

राहीबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीकडे. “आता दादल्याशी भांडशील तू,” ती हळूच म्हणाली. त्यात नेहमीचा टोमणा नव्हता. भांड असंही ती म्हणाली नाही, आणि नको असंही नाही. ती सूप घेऊन आत गेली.

प्रितेश जेवायला आला. मोटरसायकल लावता लावता त्याने गाडीकडे मान करून विचारलं, “काय म्हणतो तुझा मेकॅनिक?”

“म्हणतो, रोज रात्री वायर काढली तर गाडी सिग्नलला मरेल. म्हणतो, शेठना फोनवर सांगितलंय.”

त्याने हेल्मेट काढलं. एरवी तो ते हँडलला अडकवायचा, आज हातातच धरून राहिला. “कोण बोललं तुला?”

“बघा. पहिलं हेच विचारलंत. कोण बोललं.”

“अगं, म्हाताऱ्याला बरं वाटतं, म्हणून मी म्हटलं, काढू दे...”

“म्हाताऱ्याचं नाव घेऊ नका!” ती एवढ्या जोराने ओरडली, की शेवग्याखाली बाबा धडपडत उभे राहिले. “त्यांना तुम्ही चांगलं आहे म्हणून सांगितलंत. ते रोज पहाटे अंगणात ओणवे होतात आणि तुम्ही पांघरूण ओढून झोपता. मी काल नाक्यावर उभी होते ना, शिव्या खात? तुम्ही मोटरसायकलवरून आलात, मला बाजूला सरकवलंत, ॲक्सिलरेटर दाबून गाडी काढलीत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, ‘बघितलं, असं करायचं.’ तेव्हा माहीत होतं तुम्हाला. मागे पोर बसली होती, प्रितेश. आपली पोर.”

तिने त्याचं नाव घेतलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तेही अंगणात. दोघांच्याही ते लक्षात आलं.

“हो, माहीत होतं!” आता त्याचाही आवाज चढला. “काय करणार आहेस? चार माणसांत बोलून बसलो, गाडी शिक आणि जा. मला काय माहीत तू खरंच शिकशील? आता नाही म्हटलं तर शब्द फिरवला म्हणतील, हो म्हटलं तर बायको दिवसभर बाहेर. पोरीचं कोण बघणार? आईला होतं का आता? मी म्हटलं, आपोआप बंद होत असेल तर होऊ दे. मी काही केलं नाही. मी फक्त गप्प बसलो.”

“सरळ नाही म्हणायचं होतंत.”

“म्हणजे तू आकाशपाताळ एक केलं असतंस.”

“केलं असतं. तुमच्याशी भांडले असते, समोरासमोर, आणि हरलेही असते एखाद वेळेस. पण तुम्ही मला माझ्याशीच भांडायला लावलंत. मी रात्री पलंगावर पाय हलवत पडायचे, माझं काय चुकतंय म्हणून. तुम्ही शेजारीच होतात. विचारलंत मला, काय करतेस? नाही. तुम्हाला ठाऊक होतं.”

प्रितेशने इकडे तिकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून उभे होते. त्यांना अर्धंच समजलं होतं, पण आपल्या हाताने काहीतरी वाईट झालं एवढं समजलं होतं. त्यांनी पुढे येऊन पाना दिपालीच्या हातात ठेवला. प्रितेश म्हणाला, “मला भूक लागलीय,” आणि चपला न काढताच आत गेला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. आत ताट मांडल्याचा आवाजही आला नाही.

दिपाली गाडीत बसली. भाविका मागचं दार उघडून हळूच आत सरकली.

“एसी बंद, लाइट बंद. पंखा लागेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही,” दिपाली खिडकीतून म्हणाली आणि किल्ली फिरवली.

इंजिन उठलं, चढलं, एकदम पडलं. आता बंद होणार. तिचा उजवा पाय शिवशिवत होता, जरासं दाबलं की झालं. तिने पाय मागे घेऊन सीटखाली दाबून धरला. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि बंद न पडता पुन्हा वर आलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. राहीबाई दारात, बाबा शेवग्याखाली, कुंपणापलीकडची हौसामावशी हातातली बादली तशीच धरून. एक गाडी जागच्या जागी उभी राहून नुसती चालते आहे, आणि सगळी तिच्याकडे टक लावून बघतायत! हळूहळू वरखाली होणं कमी झालं. आवाज एका जागी बसला. आणि मग पुढे, बॉनेटखाली, पंखा घुर्रर्र करून लागला.

“लागला!” बाबाच ओरडले.

दिपालीने गाडी बाहेर काढली. मानकोलीकडे, हायवेला, जरा वेगात, मग हळू, मग पुन्हा वेगात, हिरामणने सांगितलं तशी. परतताना मुद्दाम धामणकर नाक्यावरून आली. सगळीकडून रिक्षा, हातगाड्या, लूमचे तागे लादलेले टेम्पो. ती थांबली. गाडी उभ्या उभ्या चालू राहिली. शेजारच्या रिक्षावाल्याला ढुंकून बघायचंही कारण पडलं नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. सोमवारी ती बालवाडीत जाणार होती, आता तिला कुणी अडवू शकणार नव्हतं. पण छातीत राग होता तसाच होता, उलट गाडी जेवढी नीट चालत होती तेवढा तो वाढत होता. इतकं सोपं होतं. प्रितेश एक वाक्य बोलला असता, तर तेवढ्यावर मिटलं असतं.

नाका ओलांडल्यावर मागच्या सीटवरून भाविका पुढे झुकली. तिने हनुवटी आईच्या खांद्याला टेकवली. तिच्या केसांना दुपारच्या उन्हाचा वास येत होता.

“मम्मी, पप्पा सॉरी बोलले?”

“नाही, बाळा.”

भाविका विचार करत राहिली. “आमच्या बाई सांगतात, सॉरी म्हणजे परत नाही करणार.”

“हो.”

“मग पप्पा परत करणार का?”